रूट ६६ वरील ट्रेलर-प्रवास

मोटारीमागे राहण्याजोगा ट्रेलर जोडून अमेरिकेतील शिकागो ते सांता मोनिका हे अंतर, जमेल तितके जुन्याच रस्त्याने, कापण्याचा प्रवासप्रकार. १९२६ साली क्रमांक मिळालेला हा महामार्ग सुमारे २,४४८ मैलांचा होता आणि आठ राज्यांतून जाई. कॅन्ससच्या वाट्याला जेमतेम १३ मैल आले. शेजारून आंतरराज्यीय महामार्ग झाले आणि १९८५ मध्ये रूट ६६ अधिकृत यादीतून वगळला गेला. आता तो तुकड्यातुकड्यांनी उरला आहे. मधले अंतर आय-४४, आय-४० अशा आंतरराज्यीय महामार्गांवरून काढावे लागते.

ट्रेलरची लांबी इथे फार महत्त्वाची. ॲरिझोनात किंगमनहून ओटमनला जाणाऱ्या घाटात ४० फुटांपेक्षा लांब वाहनांना मनाई आहे, आणि मोठी पिकअप व मध्यम ट्रेलर मिळून ही मर्यादा सहज ओलांडतात. गुरुत्वाने पेट्रोल उतरणाऱ्या जुन्या मोटारी हा चढ उलट्या चढवीत, यावरून त्याची कल्पना यावी. ट्रेलर किंगमनलाच लावून नुसत्या मोटारीने ओटमन पाहून यावे, हे उत्तम. ओक्लाहोमात मायामी व ॲफ्टन यांदरम्यान जुना रस्ता अवघा ९ फूट रुंद आहे. समोरून कोणी आले तर कडेच्या खडीत उतरावे लागते. मोहावी वाळवंटात पुराने लाकडी पूल खचल्यामुळे ॲम्बॉयच्या बाजूचे काही भाग बंद असतात. निघण्यापूर्वी चौकशी करावी.

भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार हिचच्या, म्हणजे मोटारीमागच्या जोडणीच्या, गोळ्यावर यायला हवा. म्हणजे ५,००० पौंडांच्या ट्रेलरचा ५०० ते ७५० पौंड. जड सामान मागच्या टोकाला गेले की हा भार घटतो आणि ट्रेलर डोलू लागतो. ४० गॅलन पाणी म्हणजेच सुमारे ३३० पौंड, तेव्हा टाकी आसाच्या पुढे आहे की मागे, हे पाहून ती भरावी. टेक्सस पॅनहँडल या राज्याच्या उत्तर टोकाकडील भागातल्या आडव्या वाऱ्यात ट्रेलर डोलू लागला तर मोटारीचा ब्रेक दाबू नये, वेगही वाढवू नये. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडावा आणि मोटारीत बसवलेल्या ट्रेलर-ब्रेकच्या कंट्रोलरच्या हातखटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत. मागून ओढ बसली की ट्रेलर रेषेत येतो.

जोडणी करताना कुलूपखिळा बसवून सुरक्षा-साखळ्या एकमेकींवरून फुली घालून अडकवतात. हिच निसटलाच तर ट्रेलरचा दांडा रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडतो. ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी आपत्कालीन ब्रेकची तार साखळीला न बांधता मोटारीच्या सांगाड्याला स्वतंत्र बांधावी.

टायर फुटण्याचे नेहमीचे कारण कमी हवा. टायरची बाजू सतत वाकते, तापते आणि थर सुटतात. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. दुपारी वाढलेला दाब पाहून ती सोडू नये. ट्रेलरच्या अनेक टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते, आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना कायद्यानेच ५५ ची मर्यादा आहे.

मुक्कामी संडासाच्या टाकीची झडप उघडी ठेवू नये. पाणी वाहून जाते आणि घट्ट मळ आत साचतो. ती भरत आल्यावर आधी तीच रिकामी करावी, मग मोरीच्या पाण्याची, म्हणजे नळीही धुतली जाते.