मटकीतले गणंग आणि माळावरचा खुळखुळा

मटकी भिजवून फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोडांच्या ढिगात चार दाणे खड्यासारखे टणक सापडतात. त्यांना आपण गणंग म्हणतो आणि दाताखाली आले की वाण्याचा उद्धार करतो. पण तो दाणा बहुधा मेलेला नसतो. त्याच्या आत अजून पाणीच शिरलेलं नसतं.

हे आठवलं ते जून लागताच फोनवर फिरणाऱ्या 'बाल्कनीत कास फुलवा' छापाच्या निरोपांमुळे. मी हौसेनं घेतलेल्या रानफुलांच्या बियांच्या एका पाकिटात निम्मा पिवळा कॉसमॉस निघाला. तो मूळचा मेक्सिकोचा, आणि पुण्याच्या टेकड्यांवर आधीच नको तितका माजलाय. मग मी माळावरून खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगा आणल्या. हलवल्या की खुळखुळ वाजतात, म्हणून हे नाव. पिवळ्याधमक फुलांचं हे कमरेएवढं झुडूप. 40 बिया कुंडीत टाकल्या, उगवल्या 3. बाकीचे 37 गणंग!

खुळखुळा आणि मटकी एकाच घराण्यातले, वाल-वाटाण्याच्या. वालाच्या कडेला पांढरी रेघ दिसते ना, ती नाभी. बी शेंगेला चिकटलेलं असतं ती जागा. बाकीच्या सालीत उभ्या खांबांसारख्या पेशी एकमेकींना इतक्या खेटून असतात की बी पुरेसं सुकलं की त्यातून पाणी आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही. उरते फक्त नाभीतली बारीक फट, आणि खरी गंमत तिथंच आहे. 1954 साली हाइड नावाच्या संशोधकानं क्लोव्हर आणि ल्युपिन या शेंगांच्या वनस्पतींच्या बियांत ती दाखवली. खुळखुळा त्यांच्याच पोटकुळातला.

नाभीपाशी खांबपेशींचे थर दोन. हवा कोरडी झाली की बाहेरचा थर आक्रसतो, फट उघडते आणि आतली वाफ बाहेर पडते. हवा दमट झाली की तोच थर फुगतो आणि फट मिटते. म्हणजे ही एकेरी वाट झाली. ओल बाहेर जाऊ शकते, आत येऊ शकत नाही. आजवर लागलेल्या सगळ्यांत कोरड्या हवेइतकं बी सुकतं आणि पुढं दमट हवेत ठेवलं तरी सुकंच राहतं. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह उलटा बसवल्यासारखं.

याचा फायदा उघड आहे. मे महिन्यातल्या एखाद्या वळवाला भुलून सगळं बी उगवलं, तर पुढच्या पंधरा दिवसांच्या उन्हात सगळीच रोपं करपतील. मातीतल्या उन्हातान्हानं, दिवस-रात्रीच्या तापण्या-निवण्यानं आणि झिजेनं काही बियांची साल कमजोर होते. त्या यंदा उगवतात, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही नंतर.

आपल्याला एवढा धीर नसतो. तेव्हा बी पॉलिश पेपरवर हलकेच घासायचं, नाभीच्या विरुद्ध बाजूनं, कारण नाभीजवळ कोंबाचं मूळ असतं. रात्रभर पाण्यात ठेवायचं. फुगेल ते पेरायचं, न फुगलेलं पुन्हा घासायचं. माती मुरमाड, ऊन भरपूर, शेणखत जवळपास नकोच. याच्या मुळांवरच्या गाठी नत्राची सोय स्वतः करतात. तेरड्याला असलं काही लागत नाही, शेंग फुटून उडालेलं बी पुढच्या पावसात आपसूक येतं.

एक मात्र सांभाळा. खुळखुळ्याच्या बिया यकृताला विषारी असतात. लहान मुलं आणि शेळ्या दूर ठेवा. ब्लू टायगर फुलपाखरांचे नर मात्र याच्या वाळक्या पानाशेंगांवर सोंड खुपसून तीच विषारी द्रव्यं मिळवतात आणि त्यांपासून मादीसाठी गंध तयार करतात.

विषावरून आठवलं, माझी कळलावीची कुंडी शेजारच्या काकूंच्या डोळ्यांवर आली होती. म्हणे घरात भांडणं लागतात. अहो, ही कळ भांडणाची नव्हे, पोटातली! बाळंतपणाच्या कळा आणण्यासाठी पूर्वी तिचा कंद वापरत, त्यावरून ते नाव. त्यात कोल्चिसिन हे जहाल विष असतं. काकू, घाबरायचंच तर त्याला घाबरा.

खुळखुळ्याच्या त्या पहिल्या कुंडीत मी नंतर काहीच पेरलं नाही. यंदा तिसऱ्या पावसाळ्यात तिच्यात आणखी 2 रोपं वर आली आहेत.