न्यूयॉर्कमधली डच नावं इंग्रजांनी का पुसली नाहीत

न्यूयॉर्क हे नाव अस्सल इंग्रजी, पण शहरात जरा आत शिरलं की ब्रुकलिन, हार्लेम, फ्लशिंग, सगळी डच मंडळी. 1620 च्या दशकात डचांनी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला न्यू अ‍ॅमस्टरडॅम वसवलं (मूळचं अ‍ॅमस्टरडॅम म्हणजे अ‍ॅमस्टेल नदीवरचा बांध, रॉटरडॅम म्हणजे रोटेवरचा, इतका सरळ हिशोब) आणि मग आजूबाजूच्या वस्त्यांनाही मायदेशातल्याच गावांची नावं दिली, ब्रॉइकेलेन, हार्लेम, व्लिसिंगेन वगैरे. 1653 मध्ये इंग्रजांच्या धास्तीने उत्तरेला लाकडी तटबंदी उभारली, आजची वॉल स्ट्रीट तिच्याच जागेवर आहे.

इंग्रज आले 1664 मध्ये, आणि आले समुद्रातून! डच गव्हर्नर स्टायव्हसंटला लढायचं होतं पण गावकऱ्यांनीच हात वर केले. राजा दुसरा चार्ल्स, म्हणजे मुंबई आंदण मिळालेला तोच, त्याने हा मुलूख आधीच भाऊ जेम्सच्या नावे करून टाकला होता. जेम्स हा ड्यूक ऑफ यॉर्क म्हणून न्यूयॉर्क, आणि तोच ड्यूक ऑफ अल्बनीसुद्धा, म्हणून उत्तरेच्या बेव्हरवाइक या डच वस्तीचं अल्बनी झालं. 1673 मध्ये डचांनी शहर परत घेऊन न्यू ऑरेंज केलं, पुढच्याच वर्षी तहात सोडलं, की पुन्हा न्यूयॉर्क. तसं खुद्द इंग्लंडातलं यॉर्क तरी कुठे एकाचं, रोमन लोकांचं एबोराकम, अँग्लो-सॅक्सनांचं एओफरविक, व्हायकिंगांचं योर्विक.

म्हणजे राजाच्या मानापानाची नावं बदलली, बाकीची राहिली. माझ्या मते कारण शरणागतीच्या अटींत आहे, डच रहिवाशांच्या जमिनी, वारसाहक्क, चर्च सगळं शाबूत ठेवायचं ठरलं होतं, त्यामुळे माणसं तिथेच राहिली आणि नावंही त्यांच्याच तोंडी राहिली, फक्त इंग्रजी जिभेवर घासली गेली. शेतवाडीला डच म्हणायचे बाउवेरी, स्टायव्हसंटच्या वाडीकडे जाणारा रस्ता आज बावरी.

सगळ्यात गंमत ‘किल’ची. डचमध्ये किल म्हणजे ओढा, म्हणून हडसन नदीच्या खोऱ्यात कॅटस्किल, फिशकिल अशी नावं आहेत. 1996 मध्ये प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पेटा संघटनेने फिशकिलला नाव बदलायला सांगितलं, मासे मारा असा अर्थ निघतो म्हणे! गावाने साफ नकार दिला.