पुण्यात ॲडमिशन झालं पण सरकारी होस्टेल नाही मिळालं? स्वाधारचा फॉर्म, पात्रता आणि कागदपत्रं

दरवर्षी बारावीनंतर गावाकडची पोरं-पोरी पुण्यात ॲडमिशन घेतात आणि मग राहायचं कुठे हा प्रश्न येतो, कारण फी स्कॉलरशिपमधून निघते पण कॉटचं भाडं आणि मेसचे पैसे घरूनच आणावे लागतात. एससी आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, राहण्या-जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात देणारी, 2016-17 पासून चालू आहे, तरी कित्येक पालकांना अजून माहीतच नाही.

आधी समाज कल्याणच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज भरा. तिथे राहणं-जेवण फुकट असतं, मुलींची वसतिगृहं वेगळी असतात, त्यामुळे नंबर लागला तर दुसरीकडे बघूच नका. पण जागा कमी आणि अर्ज जास्त, आणि ज्यांचा नंबर लागत नाही त्यांच्यासाठी स्वाधार. दोन्ही अर्ज ऑनलाइनच, एचमास डॉट महाआयटी डॉट ओआरजी या पोर्टलवर, तारखा दरवर्षीच्या सूचनेत येतात तिकडे लक्ष ठेवा.

पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, नवी मुंबई, ठाणे, नागपूर इथे शिकणाऱ्याला वर्षाला 60,000 रुपये धरलेत, म्हणजे जेवणाचे 32,000, राहण्याचे 20,000 आणि निर्वाह भत्ता 8,000. बाकीच्या महापालिकांच्या शहरात 51,000. शिवाय पुस्तकं-साहित्यासाठी मेडिकल-इंजिनिअरिंगला 5,000 आणि इतर कोर्सना 2,000 जास्तीचे.

पात्रता सरळ आहे. महाराष्ट्राचा रहिवासी, घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखाच्या आत, आधीच्या परीक्षेत निदान 50 टक्के (दिव्यांगांना 40), कॉलेज आणि कोर्स मान्यताप्राप्त, आणि ज्या शहरात शिकताय तिथले तुम्ही स्थानिक नसावेत. एसटीच्या (अनुसूचित जमातीच्या) मुलांना यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, ओबीसी-व्हीजेएनटी-एसबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, त्यांनी त्या बघाव्यात.

आता कागदपत्रं. जातीचा दाखला, तहसीलदाराचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, आधार, दहावी-बारावीचे मार्कशीट, टीसी, कॉलेजचं बोनाफाईड, फीची पावती, बँक पासबुक. हे सगळं गावाकडूनच घेऊन निघा, कारण एका दाखल्यासाठी परत तालुक्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडलेले तास. सोबत दोन शपथपत्रं लागतात, एक स्थानिक नसल्याचं आणि एक कुठल्या सरकारी वसतिगृहात राहत नसल्याचं. आणि खातं आधारला लिंक पाहिजे, लिंक म्हणजे फक्त नंबर दिलेला नाही तर डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, आधार त्या खात्याला जोडलेलं (सीडिंग झालेलं), ते बँकेत जाऊन विचारून घ्या, यातच खूप जणांचे पैसे अडकतात.

सगळ्यात जास्त अडचण येते ती राहण्याच्या पुराव्याची, म्हणजे भाडेकरार किंवा भाड्याची पावती. सदाशिव-नारायण पेठेत नाहीतर कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहिलात की मालक बरेचदा डिपॉझिट रोख घेतात, पावती देत नाहीत, करार मागितला की "अकरा महिन्यांचा आहे, कशाला रजिस्टर करायचा" म्हणतात. हे बरोबर नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे हाच ठराविक मुदतीचा भाड्याचा करार) लेखी आणि रजिस्टर असायलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. शहरात रजिस्ट्रेशन फी 1,000 रुपये, स्टँप ड्युटी भाडं-डिपॉझिटच्या हिशोबाने पाव टक्का, आणि सगळं ऑनलाइन होतं, तिघा-चौघांनी मिळून खोली घेतली तर प्रत्येकाला फार पडत नाही, फक्त करारात सगळ्यांची नावं घाला. माझं तर स्पष्ट म्हणणं आहे, जो मालक कागद द्यायला तयार नाही ती खोली दोनशे रुपये स्वस्त असली तरी घेऊ नका, उद्या मधेच बाहेर काढलं किंवा डिपॉझिट अडवलं तर तुमच्या हातात काय राहणार? मुलींनी तर खास करून मालकाने भाडेकरूंची माहिती पोलिसांत दिलीय का हे विचारायचंच, लाजायचं नाही.

पैसे हप्त्याने आणि बरेचदा उशिरा येतात, तेव्हा पहिले काही महिने स्वतःचे घालावे लागतील हे घरी आधीच सांगून ठेवा, आणि मेस घेताना खाडा धरतात का ते विचारा, सुट्टीत गावी गेलात तर तेवढे पैसे वाचतात. पुढचे हप्ते मिळायला हजेरी 75 टक्के लागते, निकालाची प्रतही लागते. अर्ज त्रुटीत पडला तर पोर्टलवर दिसतं, ते बघत राहा आणि दुरुस्त करून परत पाठवा, तरी सुटलं नाही तर सहायक आयुक्त, समाज कल्याण यांचं पुण्याचं ऑफिस विश्रांतवाडीला सामाजिक न्याय भवनात आहे, तिथे अर्जाची प्रिंट आणि सगळे ओरिजिनल घेऊन जा.