दुखत नाही, हीच तक्रार

"काकू, आंघोळीचं पाणी किती गरम आहे ते हाताने बघता की पायाने?"

मावशीला मधुमेह होऊन अठरा वर्षं झाली. तिला पायांच्या तपासणीला घेऊन गेलो होतो, तर डॉक्टरांच्या आधी आम्हाला गाठलं ते तिथल्या मदतनीस मुलीने. मावशी घरून एकच वाक्य घोकून आली होती: "माझे पाय अजिबात दुखत नाहीत." पण ही मुलगी दुखण्याचं नावच काढेना. चालताना चप्पल निसटली तर लगेच कळतं, की मागून कुणी हाक मारल्यावर? रात्री पांघरूण पायांवर सहन होतं का? नखं कोण कापतं, आणि नेलकटरने की ब्लेडने? देवळात तापलेल्या फरशीवर अनवाणी जाता का? तंबाखूला मावशी ठामपणे "नाही" म्हणाली. "आणि मिश्री?" "ती होय. ती दोन वेळा." मुलीने मान वर न करता लिहून घेतलं. मग मावशीचा कॅनव्हासचा बूट उचलून तिने आत हात घातला आणि पुढच्या टोकातून एक चिंचोका काढला. "हा कधीचा गं?" मावशीने तिलाच विचारलं.

हे सगळं गप्पांसारखं वाटतं, पण त्यात नेम आहे. 'दुखतं का?' या प्रश्नाला निरोगी पायही 'नाही' म्हणतो आणि पार बधिर झालेला पायही 'नाही'च म्हणतो. निसटलेली चप्पल आणि चिंचोका मात्र दोघांना वेगळं काढतात.

तळपायाच्या त्वचेतून निघालेला संवेदनेचा तंतू कमरेजवळ, मणक्याशेजारी असलेल्या आपल्या पेशीपर्यंत सलग जातो. म्हणजे एकच पेशी आणि तिची जवळपास मीटरभर लांब शेपूट. शेपटीच्या टोकाला लागणारा माल तिथून, मणक्यापासून, वाहून न्यावा लागतो. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ही वाहतूक आणि तंतूचा रक्तपुरवठा दोन्ही बिघडतात, आणि सगळ्यात लांबचं टोक आधी उपाशी पडतं. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातल्या मधुमेहींचा आकडा १०.१ कोटी आहे. त्यांतल्या कितीतरी जणांना 'दुखत नाही' ही चांगली बातमी वाटत असणार.

ती चांगली बातमी नाही, हे वैद्यकाला शिकवलं कुष्ठरोगाने. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला शल्यचिकित्सक म्हणून आले तेव्हा कुष्ठरोग्यांची बोटं सडून झडतात असा समज होता. ब्रँड यांनी दाखवलं की बोटं सडत नाहीत. रोजच्या बारीकसारीक इजा कळतच नाहीत म्हणून ती झिजत जातात. पुढे ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले. तिथूनच १९८६ साली असा अभ्यास आला, की १० ग्रॅम दाबाचा नायलॉन तंतू ज्या तळव्याला कळत नाही, तो जखमांच्या धोक्यात आहे.

मुलीने खिशातून तोच तंतू काढला, आणि कबूल करतो, इथून पुढे मी मावशीला विसरलो.

प्लास्टिकच्या दांडीला काटकोनात बसवलेला चारेक सेंटीमीटरचा धागा, बस्स. तळव्याला टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, एक-दोन सेकंदांनी उचलायचा. आता हात कुणाचा हलका असतो, कुणाचा जड. मग दर वेळी दाब १० ग्रॅमचाच कसा पडतो?

घरी करून बघा. खराट्याचा एक हीर बोटभर तोडा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर उभा धरून दाबा. आकडा चढत जातो. मग हीर कमानीसारखा वाकतो आणि आकडा तिथेच अडकतो. हात आणखी खाली नेलात तर कमान वाढते, वजन जवळजवळ नाही. याचं गणित गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने १७४४ साली मांडलं. सडपातळ काडी एका ठरावीक बलापर्यंत ताठ उभी राहते. त्यापुढे दबून घेण्यापेक्षा बाजूला वाकणं तिला स्वस्त पडतं. हे बल ठरतं पदार्थाचा ताठरपणा, जाडीचा चौथा घात आणि लांबीचा व्यस्त वर्ग यांवरून. (सूत्रात 'पाय'चा वर्गही येतो, २२ सप्तमांशवाला. पायाच्या तपासणीत तो तरी का मागे राहील!) लांबी निम्मी केली की चौपट जोर लागतो. जाडी फक्त १० टक्क्यांनी वाढली तर १.१ चा चौथा घात, म्हणजे १.४६, जवळपास दीडपट. शिवाय टोकं कशी धरली आहेत यावरही हिशेब फिरतो. एक टोक दांडीत पक्कं आणि दुसरं त्वचेवर टेकून जागचं न हलणारं असेल, तर जे बल मिळतं त्याचा जेमतेम आठवा हिस्सा दुसरं टोक मोकळं घसरू दिल्यास उरतो. तंतू तळव्यावर घसरू द्यायचा नाही, हा नियम तिथून येतो. आणि हो, ग्रॅम हे वस्तुमानाचं एकक आहे, बलाचं नाही, शुद्धतावाद्यांनी ०.१ न्यूटन असं वाचावं.

एवढं सगळं डोक्यावरून गेलं असेल तर एवढंच धरा: दाबणाऱ्या हाताचा स्वभाव तंतू वाकण्यात जिरवून टाकतो. पण नायलॉन हवेतली ओल पिऊन नरम पडतं, पावसाळ्यात तर जास्तच, आणि सारखं वाकवून थकतंही. म्हणून एका तंतूने दिवसाला दहा पेशंट, मग २४ तास विश्रांती.

धागा प्रामाणिक झाला, माणसाचं काय? पेशंटला पास व्हायचं असतं. म्हणून डोळे मिटायला सांगतात आणि प्रत्येक पायाच्या तीन जागांपैकी प्रत्येक जागी तीनदा विचारतात: दोनदा धागा लावून, एकदा न लावताच. तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली की संवेदना शाबूत धरायची. इथे गोम आहे. दर वेळी "लागलं" म्हणणारा माणूस तीनपैकी दोन गुण मिळवतोच! म्हणून पुढचा प्रश्न येतो, "कुठल्या पायाला?" आता नुसत्या अंदाजाने दोन्ही वेळा पाय बरोबर सांगण्याची शक्यता चारात एक. एका पायाच्या तिन्ही जागा अशा अंदाजाने निभावण्याची, चौसष्टात एक. ही चाळणी त्या मुलीने गप्पा मारता मारता लावली. भोवरीवर मात्र धागा टेकवला नाही, शेजारी टेकवला.

(बाहेर पायांतून 'विष काढणाऱ्या' टबाची जाहिरात होती, पाणी तांबडं झालं की विष निघालं म्हणे. मिठाच्या पाण्यात लोखंडी पट्ट्या घालून वीज सोडली की गंजच निघणार. पाय न बुडवता चालवून दाखवा म्हणावं.)

मावशीच्या उजव्या अंगठ्याखाली तिन्ही वेळा उत्तर चुकलं. डोळे उघडल्यावर ती मुलीवरच उखडली.

"तू नीट टोचलंच नाहीस."

मुलीने काही न बोलता तोच धागा मावशीच्या हातावर टेकवला.

"हां," मावशी म्हणाली, "आता टोचलंस."