दर दोन तासांनी कूस

उसाच्या ट्रॉलीवरून किंवा नारळाच्या झाडावरून पडून मणका मोडलेला माणूस ऑपरेशन होऊन घरी येतो. थोड्याच दिवसांत माकडहाडाजवळ लाल चट्टा दिसतो, मग तो काळवंडतो आणि जखम होते, म्हणजे बेडसोअर. कोल्हापूरकडं अशा वेळी भेटायला आलेलं कुणीतरी म्हणतंच, "झोपून झोपून व्हायचंच ते." हे 'व्हायचंच' फार जुनं आहे.

१९ व्या शतकात पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी सांगितलं, की मज्जारज्जूला इजा झाली की कातडीचं पोषणच बिघडतं आणि व्रण होतो. खरं तर त्याच शतकात ब्राउन-सेकार या दुसऱ्या डॉक्टरांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की दाब पडू दिला नाही आणि अंग स्वच्छ ठेवलं तर व्रण टळतो. पण वजन पडलं ते शार्कोंच्या शब्दाचं. पहिल्या महायुद्धात मणक्याला इजा झालेले बहुतेक सैनिक बेडसोअर आणि लघवीच्या जंतुसंसर्गानं गेले.

चक्र उलटं फिरवलं लुडविग गटमन यांनी. नाझी जर्मनीतून निसटलेल्या या ज्यू डॉक्टरनं १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविलला वॉर्ड सुरू केला. नियम एकच, पण जाच वाटावा असा: दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. १९४८ मध्ये तिथंच व्हीलचेअरवरच्या रुग्णांची तिरंदाजी झाली आणि त्यातून पुढं पॅरालिम्पिक उभं राहिलं. १९७२ ला भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणणारे मुरलीकांत पेटकर आपल्या शेजारच्या, सांगलीकडच्या पेठचे.

धडधाकट माणूस झोपेतही चुळबुळ करतो. संवेदना गेलेल्याला टोचतच नाही. हाड आणि गादीच्या मध्ये बारीक रक्तवाहिन्या चेपतात, मांस आत हाडापाशी मरू लागतं, आणि वरचा चट्टा दिसेपर्यंत आत बरंच बिघडलेलं असू शकतं. डॉक्टर कोसियाक यांनी १९५९ मध्ये दाखवलं, की थोडा वेळ पडलेला मोठा दाब आणि बराच वेळ पडलेला हलका दाब, दोन्ही सारखेच घातक.

'बेडसोअर' हा शब्दही थोडा फसवतो. दिवसभर व्हीलचेअरवर बसणाऱ्याला जखम होते ती बुडाच्या हाडांवर. म्हणून हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, पुढं-बाजूला झुकायचं, आरशानं कातडी रोज तपासायची. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. त्या स्वतः कमरेखाली लुळ्या, त्यामुळं खुर्चीतलं आयुष्य काय असतं हे तिथं कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

घरात मात्र रात्री दोनला उठते ती बायको नाहीतर आई, आणि सकाळी जनावरंही तीच बघते. गटमनकडं निदान पाळ्या होत्या. तिला कुणी सांगितलेलं नसतं, की लाल चट्टा चोळायचा नाही. आणि बुडाखाली प्रेमानं ठेवलेली रबरी रिंग कडेच्या कातडीचंच रक्त अडवते.