पेज, ॲलन

(७ ऑगस्ट १९४५ – ). अमेरिकन फुटबॉलपटू आणि मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. येथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, अंगावर धडकून खेळायचा अमेरिकन खेळ.

जन्म ओहायो राज्यातील कँटन येथे, कृष्णवर्णीय कुटुंबात. ते तेरा वर्षांचे असताना आई वारली. गावातल्या पोलाद कारखान्यांतली मजुरी नको, वकील व्हायचे, हे त्यांनी लहानपणीच ठरवले होते. याच कँटनमध्ये व्यावसायिक फुटबॉलचे ‘हॉल ऑफ फेम’, म्हणजे नामवंत खेळाडूंचा गौरव करणारे संग्रहालय आहे. त्याच्या बांधकामावर विद्यार्थिदशेत पेज यांनी कामही केले होते. पुढे नोत्र दाम विद्यापीठातून राज्यशास्त्राची पदवी घेऊन (१९६७) ते नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक स्पर्धेतल्या मिनेसोटा व्हायकिंग्ज संघात दाखल झाले. १९७१ मध्ये ते लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. बचावफळीतल्या खेळाडूला हा मान प्रथमच मिळाला. सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात मात्र संघ चार वेळा पोचला आणि चारही वेळा हरला.

कायद्याचा अभ्यास पहिल्या खेपेस त्यांनी तीनच आठवड्यांत सोडला होता. नंतर खेळत असतानाच मिनेसोटा विद्यापीठातून त्यांनी तो पुरा केला (१९७८). त्याच सुमारास पत्नी डायान यांनी सिगारेट सोडण्यासाठी धावणे सुरू केले आणि पेजही सोबत धावू लागले. वजन उतरले. या खेळात बचावपटूचे वजन हेच भांडवल, त्यामुळे व्हायकिंग्जनी हंगामाच्या मध्यात त्यांना काढून टाकले. शिकागो बेअर्सनी अवघ्या १०० डॉलरांत घेतलेला हा ‘हलका’ खेळाडू पुढे १९८१ पर्यंत खेळला आणि मॅरेथॉनही धावला.

न्यायालयाची वाट सरळ नव्हती. मिनेसोटात न्यायमूर्ती मतदार निवडतात; पण निवृत्तीला आलेल्या एका न्यायमूर्तींची मुदत राज्यपालांनी वाढवल्याने त्या जागेची निवडणूकच टळत होती. पेज यांनी त्याविरुद्ध दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती या सुनावणीतून बाजूला झाले, निवृत्त न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली आणि पेज जिंकले. १९९२ च्या निवडणुकीत ते या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती ठरले. सक्तीच्या निवृत्तिवयापर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत ते पदावर होते.

१९८८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला, तेव्हा परिचय करून देण्यासाठी त्यांनी प्रशिक्षकाऐवजी मिनीआपोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावले आणि स्वतःचे भाषण शिक्षणावर केले. त्याच वर्षी पतिपत्नींनी पेज एज्युकेशन फाउंडेशन स्थापन केले. मिनेसोटातल्या गौरेतर विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी ते शिष्यवृत्ती देते. अट एकच, पण महत्त्वाची: दरवर्षी किमान ५० तास शाळकरी मुलांसोबत बसायचे, त्यांचा अभ्यास घ्यायचा. नुसत्या धनादेशाने हे साधले नसते. कॉलेजात पोचलेला आपल्यासारखाच कुणी शेजारी बसलेला लहान मुलाला दिसतो, ही या योजनेची खरी ताकद.

दांपत्याने गुलामगिरी व वर्णभेदाच्या काळातील वस्तूंचा मोठा संग्रहही केला; २०१८ मध्ये तो मिनीआपोलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मांडला गेला. त्याच वर्षी डायान यांचे निधन झाले आणि पेज यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. फुटबॉलमध्ये वाकडी झालेली करंगळी हा मुलांच्या कुतूहलाचा विषय असे. मुलगी केमीसोबत त्यांनी या करंगळीवर बालपुस्तक लिहिले.

दर्जेदार शिक्षण हा मूलभूत हक्क ठरावा, यासाठी २०२० मध्ये त्यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या मिनीआपोलिस शाखेचे प्रमुख नील काशकरी यांच्यासह मिनेसोटाच्या राज्यघटनेत दुरुस्ती सुचवली. शिक्षक संघटनेचा तिला विरोध झाला: नव्या शब्दरचनेमुळे सार्वजनिक शाळांचे घटनात्मक संरक्षण ढिले पडेल आणि सरकारी पैसा खासगी शाळांकडे वळेल, ही त्यांची भीती.