व्हाइट मस्कचा वास येत नाही? कुपी परत आणण्याआधी हे वाचा

व्हाइट मस्क नेलेलं गिऱ्हाईक आठवड्याभरात परत येतं, कुपी काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "नुसतं तेल दिलंत की हो!" सोबत आलेल्या बायकोला मात्र त्याच फायाचा वास दारातूनच लागलेला असतो. दोघंही खरं बोलत असतात.

आधी एक स्पष्ट सांगतो. आमच्या कुठल्याही अत्तरात हरणाची कस्तुरी नाही. कस्तुरीमृगाला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. 'अस्सल' म्हणून कोणी विकत असेल तर लांबच राहा. आमच्या 'कस्तुरी'त कारखान्यात बनवलेलं मस्कोन असतं. हरणाच्या कस्तुरीचा मुख्य गंध त्याचाच. 'व्हाइट मस्क'मध्ये गॅलॅक्सोलाइड, तेही कारखान्यातलंच कस्तुरीगंधी द्रव्य. कपडे धुण्याच्या पावडरींतही ते सर्रास वापरतात.

नाकात अगदी वर वास ओळखणाऱ्या पेशी असतात आणि एका पेशीवर साधारण एकाच जातीचं गंधग्राही प्रथिन. माणसाकडे अशा सुमारे ४०० जाती, प्रत्येकीचं जनुक वेगळं. हे जनुककुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१मध्ये दाखवलं. २००४चं नोबेल त्यासाठीच. मस्कोन पकडतं ओआर५एएन१ नावाचं प्रथिन, गॅलॅक्सोलाइड पकडतं ओआर४डी६ नावाचं. दोन्ही जनुकं अकराव्या गुणसूत्रावर, पण काम ज्याचं त्याचं. ओआर४डी६ची साखळी तीनशेहून थोड्या जास्त अमिनो आम्लांची. त्यातली एखाद-दुसरी बदललेली असली की काहींना गॅलॅक्सोलाइड मंद लागतं, काहींना लागतच नाही. मोगऱ्यात कितीतरी द्रव्यं असतात, एक निसटलं तरी बाकीची सांभाळून घेतात. व्हाइट मस्कची भिस्त मात्र एकावरच.

म्हणून व्हाइट मस्क लागलं नाही तर 'कस्तुरी'चा फाया मागा. तो लागण्याची बरीच शक्यता असते. वास घेताना तीन-चार फायांनंतर नाक थकतं, तेव्हा दोन मिनिटं दुकानाबाहेर उभं राहा. कॉफीच्या बिया आम्ही ठेवत नाही, मोकळी हवा तेवढंच काम करते. आणि लागत नाही म्हणून थापत बसू नका. तुम्हाला नाही, पण लोकलच्या अख्ख्या डब्याला लागतं!

सगळेच वास अचानक गेले असतील तर मामला अत्तराचा नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

सील न फोडलेली कुपी बदलून मिळेल. फोडली असेल तर घरात ज्याला वास येतो त्याला द्या.